हातात पडल्या पडल्या खायचा फानथ्वान

फानथ्वान खायचा तर दुकानासमोर उभं राहून, हातात पडल्या पडल्या खावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तैवानमध्ये बहुतेकजण तो बांधून नेतात. स्कूटरच्या पुढच्या आकड्याला पिशवी अडकवायची आणि निघायचं. मग कुणी ऑफिसात खातो, कुणी शाळेच्या फाटकाशी. चिकट तांदळाच्या गरम भाताचा हा रोल मुळात वाटेत खाता यावा असाच वळलेला असतो, तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. पण त्याच्या पोटात मैद्याची तळलेली कुरकुरीत कांडी असते आणि तिच्या चहूबाजूंनी वाफाळता भात. वाफ आपलं काम करतेच. पंधरा-वीस मिनिटांनी पिशवी उघडावी तर भात तोच, आतला खारवलेला मुळा तोच, चवही बरीचशी तीच. कांडी मात्र वातड झालेली. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तीच गेलेली.

मी शिनचू शहरात राहते. तैपेईहून हायस्पीड रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर. 1980 मध्ये सरकारने इथे सायन्स पार्क उभारलं, 1987 मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी इथेच सुरू झाली, आणि तेव्हापासून जगभरचे इंजिनियर आणि संशोधक या शहरात येऊन राहतात. विद्यापीठांत भारतीय विद्यार्थीही बरेच, त्यांत मराठी बोलणारे निघतातच. मीही इथे एका प्रयोगशाळेत काम करते. सकाळी लवकर पोचावं लागतं, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे न्याहारी बाहेरच होते. पुष्कळ घरांत सकाळी गॅस पेटतच नाही. न्याहारीची छोटी छोटी दुकानं गल्लोगल्ली आहेत. पहाटे पाच-साडेपाचला उघडतात आणि दुपार व्हायच्या आत शटर ओढून मोकळी होतात.

ज्या दुकानाबद्दल लिहिते आहे ते एका शटरच्या रुंदीचं. इमारतीखालून जाणाऱ्या छपराच्या फुटपाथवर एक स्टीलचा ओटा, त्यावर झाकण घातलेली लाकडी बादली, शेजारी स्टीलच्या डब्यांची ओळ, मागे कढई आणि सोयाबीनच्या दुधाचं मोठं पातेलं. घडीची दोन टेबलं आणि प्लॅस्टिकची स्टुलं. नवराबायको दोघं मिळून चालवतात. काका तळतात आणि दूध गाळतात, मावशी रोल वळतात आणि पैसे घेतात. मावशी म्हणजे सगळे त्यांना 'आयी' अशी हाक मारतात, म्हणून मीही. त्या मला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजींनाही, 'मेइन्यू' म्हणतात, सुंदरी. पुरुष आला की तो 'श्वाइक', म्हणजे देखणा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला, डोळ्यांवर झोप असलेला इंजिनियरसुद्धा हे ऐकून जरा सरळ उभा राहतो.

मागणी करणं म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं देणं. भात पांढरा की जांभळा? खारा की गोड? अंडं घालायचं का? इथे खाणार की नेणार? मागे रांग असते, स्कूटरवाले तर हेल्मेटही न काढता गाडीवरूनच ओरडून सांगतात, त्यामुळे उत्तरं तयार ठेवलेली बरी. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका तैवानी मैत्रिणीने मला सुरुवातीलाच एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं आणि चढ-उतार बरोबर येईपर्यंत म्हणून घेतलं होतं. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य म्हणजे 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे. कारण खाऱ्या फानथ्वानात एरवी रौसोंग असतो. डुकराचं मांस शिजवून, सोयासॉस-साखरेत परतत परतत कोरडं करून त्याचा कापसासारखा मोकळा चुरा करतात, तो. मी अंडं खाते, मांस खात नाही.

शाकाहारी म्हटल्यावर इथे कुणी चमकून पाहत नाही. हे मला तैवानात राहू लागल्यावर हळूहळू उलगडलं. अनेक बौद्ध आणि ताओ घरांत चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला, म्हणजे साधारण आपल्या अमावस्या-पौर्णिमेला, मांस खात नाहीत. काहीजण फक्त सकाळची न्याहारी शाकाहारी करायचं व्रत घेतात. शाकाहारी खानावळींच्या पाट्यांवर स्वस्तिक असतं, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहाराचा प्रकार छापायचा नियम आहे. मावशींच्या ओट्यावरही शेवटच्या डब्यात सोयाबीनचा शाकाहारी चुरा असतो. मी वाक्य म्हटलं की त्या आधी हात धुतात, वेगळा चमचा घेतात, मगच बादलीचं झाकण उघडतात. मला हे न मागता मिळतं, याचं अजूनही अप्रूप वाटतं.

झाकण उघडलं की वाफेबरोबर जो वास येतो तो नेहमीच्या भाताचा नाही. जरासा गोडसर, जरासा दुधाळ. हा तांदूळ नोमी, म्हणजे चिकट तांदूळ. फानथ्वानाला त्यातला लांब दाण्याचा वापरतात. गोल दाण्याचा गोड पदार्थांसाठी. आपल्या रोजच्या तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. बासमतीसारख्या मोकळ्या भातात अमायलोज बरंच, चिकट तांदळात जवळजवळ शून्य. म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात आणि गार झाली तरी लवकर कडक होत नाहीत. हा तांदूळ पाण्यात शिजवत नाहीत. आदल्या रात्री भिजत घालतात, सकाळी निथळून, फडक्यावर पसरून नुसत्या वाफेवर काढतात. भिजतानाच दाण्यात शिरलेलं पाणी शिजायला पुरतं. पातेल्यात घालून शिजवला तर खळ होईल. वाफेवर काढला की प्रत्येक शीत वेगळं दिसतं, दाताखाली जाणवतं, आणि तरीही सुटत नाही. मग तो लाकडी बादलीत भरतात. स्टीलच्या भांड्यात झाकणाखाली पाणी सुटून वरचा भात गिच्च होतो. लाकूड जादा ओल पिऊन घेतं आणि ऊबही धरून ठेवतं.

जांभळा भात हा याच जातीच्या काळ्या तांदळाचा. तो एकटा शिजवला तर चिवट लागतो, म्हणून पांढऱ्यात मिसळतात आणि मग सगळाच रंगतो. आपल्याकडे मणिपूरचा चाखाओ असतो ना, ज्याला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही असाच काळा आणि चिकट. मी जांभळाच घेते. त्याची साल जरा चावावी लागते आणि त्यामुळे भात तोंडात नुसता गोळा होऊन बसत नाही.

आता वळण्याचं काम. मी शक्यतो ओट्याच्या डाव्या टोकाला उभी राहते, तिथून मावशींचे हात नीट दिसतात. ओल्या, जाड सुती फडक्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी पसरलेली असते. भातवाढी पाण्यात बुडवून त्या बादलीतून भात घेतात, पिशवीवर टाकतात, आणि भातवाढीच्या पाठीने थापत तळहातापेक्षा जरा मोठा चौकोन करतात. हा थर फार जाड झाला की पोट भरतं आणि मन भरत नाही. फार पातळ झाला की फाटतो आणि मसाला बाहेर येतो. मावशींचा थर बोटाच्या पेरापेक्षाही कमी असतो, आणि कडेला अजून पातळ, म्हणजे घडी पडते तिथे भात दुप्पट होत नाही. मी तैपेईत आणि इतरत्रही फानथ्वान खाल्ले आहेत. चांगल्या-वाईट दुकानातला सगळा फरक मला या कडेत दिसतो.

भातावर आधी चुरा. मग खारवलेला मुळा, त्साइफू, बारीक चिरून तव्यावर थोड्या साखरेबरोबर परतलेला. मग खारवलेला मोहरीचा पाला, आंबट. अंड्याची पातळ पोळी हवी असेल तर तिची घडी. आणि शेवटी मधोमध योउथ्याओ, म्हणजे ती तळलेली कांडी. ती ठेवताना मावशी तिला दोन ठिकाणी चेपतात, करकर आवाज येतो. न चेपता घातली तर पहिल्या घासालाच ती आडवी येऊन रोल फोडते. मग फडकं दोन्ही हातांत उचलायचं, भाताच्या कडा एकमेकींना भेटवायच्या, आणि आपण मुटका वळतो तशी मूठ आवळत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. तीनदा आवळलं की झालं. पिशवीची दोन टोकं पिळून घट्ट करायची, फडकं सोडवून पुढच्यासाठी पसरायचं. झाकण उघडण्यापासून रोल माझ्या हातात येईपर्यंत मिनिटभरही जात नाही.

मूठ किती आवळायची हेही हाताला ठाऊक असावं लागतं. एकदा त्यांची भाची मदतीला होती. तिने वळलेला रोल दिसायला सुबक होता, पण तिने तो जोर लावून दाबला होता. भाताचा लगदा झाला आणि आतली कांडी चपटी. मावशींनी तो बाजूला स्वतःसाठी ठेवला, त्या गिऱ्हाइकाला दुसरा वळून दिला आणि भाचीचा हात आपल्या हातात धरून पुढचा रोल वळून घेतला. बोलल्या काहीच नाहीत.

खाण्याची माझी पद्धत ठरून गेली आहे. पिशवीचं वरचं पिळलेलं टोक लगेच सोडवायचं, म्हणजे वाफेला वाट मिळते. पिशवी बोटभर खाली सरकवायची. टोकाचा पहिला घास बहुतेक भाताचाच असतो. तो घाईने न गिळता नीट चावायचा, कारण पुढे इतक्या चवी येतात की भाताची चव पुन्हा वेगळी अशी लागत नाही. दुसऱ्या घासाला कांडी लागते. वरचा भात मऊ, त्याखाली मुळ्याची खारट-गोड करकर, आणि मग योउथ्याओ चुर्र करून मोडतं. मुळ्याची करकर ओली आणि टिकणारी, कांडीची कोरडी आणि क्षणाची. दोन्ही एकाच घासात येतात, तेव्हा भाताचं मऊपण जास्तच मऊ लागतं. मोहरीच्या पाल्याचा आंबटपणा मध्येच येतो आणि तेलाचा जडपणा कापतो. चुरा कोरडा असतो, तो मुळ्याचं सुटलेलं पाणी पितो. म्हणून तो भाताला लागून, सगळ्यांत खाली घालायचा, असं मावशींनी मला विचारल्यावर सांगितलं. म्हणजे थरांचा क्रमही उगाच नाही.

योउथ्याओ मावशींकडे दोनदा तळलेलं असतं. मैद्याच्या आंबवलेल्या, फुगवण्याचे क्षार घातलेल्या मऊ कणकेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मधोमध काडीने दाबतात आणि ताणून तेलात सोडतात. दोन पट्ट्यांच्या मधे वाफ कोंडते आणि कांडी फुगते. नुसती खायची असेल, दुधात बुडवायची असेल तर ती एकदा तळलेली, आतून लुसलुशीत अशीच चांगली. फानथ्वानात मात्र काका ती पुन्हा तेलात सोडतात, गडद बदामी होईपर्यंत. आतला ओलावा गेला की वाफेपुढे ती थोडी जास्त तग धरते. ते थोडं म्हणजे किती, हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून मी रोल घेऊन बसायला जागा शोधत नाही.

बरोबर दौच्यांग, सोयाबीनचं दूध. मी गरम आणि बिनसाखरेचं घेते. काकांचं दूध किंचित करपट वासाचं असतं. मोठ्या पातेल्यात तळाला जरासं लागतं आणि तो वास सगळ्या दुधात उतरतो. पुष्कळ गिऱ्हाइकं याच वासासाठी येतात, आणि मीही त्यांतलीच. थंडीत खारं दूध घेते, श्येन दौच्यांग. वाटीच्या तळाशी व्हिनेगर, सोयासॉस, खारवलेला पाला आणि कांडीचे तुकडे घालतात आणि वरून उकळतं दूध ओततात. आंबट लागलं की दुधातली प्रथिनं धरतात आणि डोळ्यांदेखत मऊ गुठळ्या होतात. नेहमीच्या वाटीत सुकी कोळंबीही असते, ती आधीच नको म्हणून सांगावं लागतं. पहिल्यांदा पाहणाऱ्या आपल्या माणसाला दूध नासलं असंच वाटेल. चमचाभर खाऊन पाहावं.

हे सगळं तैवानचं म्हणून आज ओळखलं जात असलं तरी फानथ्वानाचं मूळ शांघायकडचं. तिथे त्याला त्सफान म्हणतात, आणि भाजलेली पोळी, योउथ्याओ, सोयाचं दूध आणि त्सफान या चौघांना शांघायकर न्याहारीचे 'चार महारक्षक' म्हणतात. 1949 च्या सुमारास चीनमधलं यादवी युद्ध हरलेलं सरकार तैवानला आलं, त्याच्याबरोबर सैनिक आणि निर्वासित मिळून लाखो लोक आले. वेगवेगळ्या प्रांतांतले, घरदार मागे राहिलेले. त्यांतल्या अनेकांनी पोटासाठी जे येत होतं ते विकायला सुरुवात केली. तैपेईच्या नदीपलीकडे योंगह नावाच्या भागात, पुलाच्या तोंडाशी, दूध आणि योउथ्याओच्या गाड्या लागल्या. तिथलं एक प्रसिद्ध दुकान 1955 पासूनचं. 1969 मध्ये तैचुंगच्या मुलांचा बेसबॉल संघ अमेरिकेत जाऊन लिटल लीगचा विश्वविजेता झाला. पुढची काही वर्षं अमेरिकेतले ते सामने इथे टीव्हीवर मध्यरात्री दिसायचे, सगळा देश जागायचा, आणि सामना संपला की लोक भुकेले रस्त्यावर यायचे. ही दुधाची दुकानं रात्रभर उघडी राहू लागली ती तेव्हापासून, असं इथले जुने लोक सांगतात.

पण शांघायच्या गोळ्यात मुळा नव्हता. तो इथल्या मातीचा. शिनचू, म्याओली, थाओयुआन या पट्ट्यात हाक्का या चिनी समाजाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि मुळा खारवणं ही त्यांची खासियत. भाताचं दुसरं पीक निघालं की हिवाळ्यात मोकळ्या खाचरांत मुळा लावतात. काढला की चिरून मीठ चोळतात, दिवसा उन्हात वाळवतात, रात्री पुन्हा मीठ लावून दगडाखाली दाबतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. शिनचूत हिवाळी वारा असा सुटतो की छत्री उघडायची सोय नसते; याच वाऱ्यावर इथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवया वाळतात आणि शिनपूकडची पर्सिमनची फळंही. मावशींचं माहेर अशाच एका हाक्का गावात आहे. त्यांचा मुळा वहिनी करून पाठवते. त्यांनी एकदा मला घरातला वीसेक वर्षं मुरलेला मुळा दाखवला. कोळशासारखा काळा, तेलकट चमक असलेला. तो रोलमध्ये घालत नाहीत, घरच्या सूपासाठी तुकडा तुकडा वापरतात. वासाला मुळा अजिबात राहिलेला नाही.

हल्ली फानथ्वानात चीज, टूना मासा, किमची, तळलेलं चिकन असं काहीही घालतात. तरुण मुलं आवडीने खातात. मला ते पटत नाही. चीज वितळतं आणि कांडीला ओलं करतं, टूनाबरोबर मेयोनीज येतं, तेही तेच करतं. या रोलमधली प्रत्येक जुनी वस्तू, चुरा, मुळा, पाला, गोड रोलमधलं दाण्याचं कूट, कोरडी किंवा घट्ट पिळलेली आहे. ज्यांनी ती निवडली त्यांना आतली कांडी वाचवायची होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आई चिपळूणहून महिनाभर आली. ती अंडंही खात नाही, आणि चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही बंद. विमानतळावरून घरी येतानाच तिने विचारलं होतं, "अगं, मी इथे खाणार काय?" दुसऱ्याच दिवशी तिला मावशींकडे नेलं. मी सांगितलं, आई पूर्ण शाकाहारी, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. मावशी लगेच म्हणाल्या, "च्वान सू," आणि मुळ्याचा दुसरा डबा काढला, लसणाशिवाय परतलेला. चिनी बौद्धांच्या कडक शाकाहारात लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्या वर्ज्यच असतात, हे मी आईला सांगितलं. जुन्या यादीतली पाचवी वस्तू हिंग आहे, हेही सांगितलं.

"हिंग? हिंगाने कुणाचं काय बिघडवलंय?" आई म्हणाली.

तळायचं तेल कसलं, हा तिचा पुढचा प्रश्न. मी काकांना विचारलं. त्यांनी कढईमागचा डबाच उचलून दाखवला, सोयाबीनचं तेल. आईने डबा पाहिला, मान हलवली. मग रोल हातात आल्यावर तिने जे केलं ते मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. टोकाचं एक शीत काढून तिने अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं, मग दोन बोटं दूर केली. शीत मोडलं नाही, ताणलं गेलं.

"हा पाण्यात शिजवलेलाच नाही," ती म्हणाली. "भिजवून वाफेवर काढलाय. आणि रात्रभर भिजवलाय, मधे कणी नाही."

मी ते मावशींना सांगितलं. त्यांनी हातातला रोल खाली ठेवला, मागची वाफेची टोपली आणून आईपुढे धरली आणि फडकं उचलून दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने टोपलीत बोट खुपसून पाहिलं, भात कडेला आणि मधे सारखा शिजलाय का ते. मधे एक खळगा होता. वाफ वर यायला वाट म्हणून मावशी भात पसरल्यावर चार-पाच ठिकाणी बोटाने भोकं पाडतात. आई म्हणाली, हे आपण करून बघायचं. मागे रांग खोळंबली होती, पण एक आजी पुढे होऊन आईला भिजवण्याची वेळ सांगू लागल्या, आणि मी दोन्ही बाजूंनी भाषांतर करत राहिले.

तिला जास्त आवडला तो गोड रोल. त्यात भातावर साखर आणि भाजलेल्या दाण्याचं कूट जाड पसरतात आणि मधे तीच कांडी. बाकी काही नाही. गरम भाताने साखर अर्धी विरघळते, अर्धी दाताखाली कचकच येते. आई राहिली तितके दिवस तोच घेत असे आणि मावशी तिला पाहिलं की विचारायच्या आधीच कूटाच्या डब्याचं झाकण काढत. पैसे मात्र दर वेळी आई स्वतः मोजून द्यायची, नाणी ओळखायला शिकून. साधा रोल 40 तैवानी डॉलरला, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. तिच्या हिशेबाने महाग, पण दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही म्हणून चालेल, असं तिनेच ठरवलं. चिकट भात पोटात बराच वेळ राहतो. ज्यांचं पचन नाजूक त्यांनी अर्धाच खावा, असं इथलेही सांगतात.

मी जानेवारीत घरी गेले तेव्हा चिपळूणला करून पाहिला. चिकट तांदूळ गुवाहाटीच्या एका मैत्रिणीने पाठवला. आसामात त्याला बोरा साउल म्हणतात. त्याचा दाणा तैवानच्यापेक्षा बुटका, पण भिजवून मोदकपात्रात वाफवल्यावर छान धरला, आणि आईने भोकं पाडायला विसरू दिलं नाही. कांडीला वेळ लागला. मैदा, थोडा सोडा, बेकिंग पावडर, मीठ, तेलाचा हात. कणीक रात्रभर झाकून ठेवली. पहिल्या घाण्याला दोन पट्ट्या तेलात सुटून वेगळ्या झाल्या, कारण मधे दाब कमी पडला होता. मग विणायच्या सुईने दाबल्या तेव्हा जमल्या. आपली कढई लहान, त्यामुळे कांड्या वीतभरच. त्या दोनदा तळल्या. चुऱ्याऐवजी आईने तिळाची सुकी चटणी घातली, ती मला सोयाबीनच्या चुऱ्यापेक्षाही आवडली. मोहरीचा पाला मिळाला नाही, त्याची उणीव भासली. लिंबाचं लोणचं घालून पाहिलं तर त्याचा मसाला सगळ्यावर कुरघोडी करू लागला. पुढच्या खेपेला आंबाडी नुसत्या मिठात घालून पाहायची आहे.

मुळा मावशींनीच बांधून दिला होता, वहिनीच्या हातचा, आईचं नाव घेऊन. आई म्हणते, आपल्याकडे पौषात ऊन चांगलं कडक असतं, मुळाही स्वस्त असतो. मीठ किती लावतात आणि दगड किती जड ठेवतात तेवढं नीट विचारून ये. मावशींना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, वहिनीला विचारून सांगते, ती हाताच्या अंदाजाने घालते.